भस्मासुर वेगळा, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस वेगळा

खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही वक्तृत्व स्पर्धेत ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा विषय निघाला, की एखाद्या तरी भाषणात हे वाक्य हमखास येते : आपलाच भस्मासुर पाश्चात्त्यांनी फ्रँकेन्स्टाइन या नावाने लिहून ठेवला आहे. रोख असतो मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या इंग्रजी कादंबरीकडे, जिच्यात एक विद्यार्थी प्रयोगातून जिवंत देह घडवतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या लेखांतही तेच वाक्य डोके वर काढते. शाळकरी मुलांनी म्हटले तर एक वेळ सोडून द्यावे. परंतु परीक्षक आणि परिसंवादांतले अनुभवी वक्तेही त्यावर माना डोलावू लागतात, तेव्हा ही गल्लत एकदा नीट सोडवून ठेवणे भाग पडते.

भस्मासुराची कथा या भागात कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. घाटाखालच्या यक्षगानात ती मोहिनीच्या नृत्यासह रंगते, मराठी घरांत पोथीतून येते, आणि श्रावणी सोमवारी बेळगावच्या कपिलेश्वराच्या रांगेत उभा असलेला कोणीही ती दोन मिनिटांत सांगेल. भागवतात असुराचे नाव वृकासुर आहे आणि तिथे मोहिनीऐवजी विष्णू बटूच्या रूपात येतो. हा फरक आपल्या कामाचा नाही. कामाचा तपशील शिवलीलामृताच्या बाराव्या अध्यायात आहे, आणि अकरावा अध्याय मुखोद्गत असलेल्या घरांतही बारावा तितक्या वेळा उघडला जात नसल्याने तो नजरेतून निसटतो. श्रीधरस्वामींच्या कथेत हा असुर शंकराच्या भस्मातल्या खड्यातून उपजतो. म्हणजे तोही एका अर्थी कर्त्याच्या हातून घडलेलाच, असे कोणी म्हणेल, आणि तुलनेचा मोह इथेच सर्वांत बळावतो.

श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत १७१८ मध्ये पूर्ण केले, तर मेरी शेलीची कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये तीन भागांत, लेखिकेचे नाव न घालता प्रसिद्ध झाली. हे शंभर वर्षांचे अंतर निव्वळ योगायोग आहे. त्यावरून कोणी प्रभावाचा सिद्धान्त मांडू नये, एवढीच विनंती.

किरकोळ फरक आधी बाजूला सारतो. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नव्हे, त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरचे आडनाव आहे. व्हिक्टर हा वेडगळ म्हातारा शास्त्रज्ञ नसून इंगोलश्टाटच्या विद्यापीठात शिकणारा तरुण विद्यार्थी आहे, आणि त्याला कुबडा नोकर नाही. आकाशातली वीज देहात उतरते हे दृश्यही पडद्यावरचे. कादंबरीत चैतन्याच्या ठिणगीचा एक मोघम उल्लेख आहे, तेवढाच. एकीकडे देव आणि दुसरीकडे रसायनशास्त्र, हा भेद तर कोणालाही दिसतो आणि त्याने फारसे काही उलगडतही नाही.

खरा फरक हाताचा आहे. दोन्ही कथांत निर्माता पुढे आलेल्या हातापासून पळतो, आणि वरवर वाचणाऱ्याला तेवढेच साम्य दिसते. भस्मासुराने हात उगारला तो वर मिळाल्यानंतर, पुरेपूर जाणतेपणाने आणि जाळण्याच्या इच्छेने. त्या हातापासून पळणे हे शहाणपणच होते. व्हिक्टरच्या बाबतीत काय घडते, ते पाचव्या प्रकरणात शांतपणे वाचावे. जवळजवळ दोन वर्षांच्या खटपटीनंतर नोव्हेंबरातल्या एका रात्री आठ फूट उंचीचा तो देह डोळे उघडतो, आणि त्याचे पिवळट डोळे पाहताच व्हिक्टर खोलीतून पळ काढून अंथरुणात शिरतो. थोड्या वेळाने जाग येते तेव्हा तो जीव पलंगाचा पडदा उचलून त्याच्याकडे पाहत असतो, तोंडाने अस्फुट आवाज काढतो, हसल्यासारखे करतो आणि एक हात पुढे करतो. त्या क्षणापर्यंत त्याने कोणाचे काहीही बिघडवलेले नाही. नुकत्याच जन्मलेल्या, भाषा नसलेल्या जिवाचा तो हात व्हिक्टरला आपल्याला अडवण्यासाठी असावासा वाटतो, आणि तो पुन्हा पळून उरलेली रात्र अंगणात काढतो.

आता श्रीधरांचा खडा पुन्हा आठवावा. त्यातून उपजलेल्या असुराला लगेच नाव मिळते आणि रोज चिताभस्म आणून देण्याचे कामही मिळते, म्हणजे कैलासावर त्याला स्थान आहे. त्याच्या हाती जे येते ते गरजेपेक्षा जास्त असते, आणि अनर्थ त्या जास्तीतून उद्भवतो. शेलीच्या राक्षसाला नाव, काम, भाषा, घर यांपैकी काहीही मिळत नाही. एका कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो, भिंतीच्या फटीतून पाहून बोलायला शिकतो, रात्री त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो आणि वाटेवरचा बर्फ दूर करतो. तिथला आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेने बोलतो, कारण त्याला त्याचे रूप दिसत नाही; म्हाताऱ्याचा मुलगा येताच काठीने मारतो. पुढे तो बुडणाऱ्या मुलीला वाचवतो तर गोळी खातो. यानंतरच पहिला खून होतो. मी मुळात भला होतो, दुःखाने मला सैतान केले, असे तो व्हिक्टरला बर्फाळ डोंगरावर ऐकवतो, आणि मागतो काय, तर एक जोडीदारीण; ती मिळाल्यास माणसांपासून दूर दक्षिण अमेरिकेच्या रानात निघून जाण्याचे वचन देतो. भस्मासुराच्या तोंडी असे मागणे घालून पाहावे, म्हणजे दोन कथा किती दूर आहेत ते कळेल.

या गल्लतीला १९३१ च्या हॉलिवूड चित्रपटाने मोठा हातभार लावला, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात नोकर चुकून गुन्हेगाराचा मेंदू चोरून आणतो, म्हणजे राक्षसाचा दुष्टपणा जन्मजात ठरतो आणि कर्ता आपोआप सुटतो. राक्षस झालेल्या बोरिस कार्लोफचा अभिनय कितीही थोर असला, तरी हा एक बदल कादंबरीचा कणाच मोडतो; शिवाय कादंबरीत इंग्रज कवी मिल्टनचे महाकाव्य वाचून त्यावर वाद घालणारा राक्षस तिथे मुका होतो.

शेवटातही राख दोन्हीकडे आहे, पण भस्मासुर फसवणुकीने जळतो. शेलीचा राक्षस उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात, जहाजावर मरून पडलेल्या व्हिक्टरपाशी येऊन शोक करतो आणि स्वतःची चिता रचण्याचे ठरवून निघून जातो. ती चिता लेखिका दाखवत नाही.

म्हणून एखाद्याला अफाट अधिकार देऊन तोच उलटला, तर खुशाल भस्मासुर म्हणावे. आपल्या राजकारणात त्याला उदाहरणांची वाण नाही. एखादी गोष्ट जन्माला घालून तिच्या पालनपोषणातून अंग काढून घेतले असेल, तेव्हाच शेलीकडे जावे. ज्यांना सबंध कादंबरीला वेळ नाही, त्यांनी १८३१ च्या सुधारित आवृत्तीतली, म्हणजे आज सर्रास मिळणाऱ्या २४ प्रकरणांच्या पुस्तकातली, ११ ते १६ ही प्रकरणे आधी वाचावीत. राक्षस तिथे स्वतः बोलतो.