अपवर्क की फायव्हर? बांगलादेशी फ्रीलान्सरांच्या निवडीमागची पार्श्वभूमी

सुटी कामं मिळवून देणाऱ्या साइटांपैकी अपवर्क घ्यावं की फायव्हर, हा प्रश्न कुठल्याही देशातला नवखा फ्रीलान्सर विचारतो. कमिशन किती, गर्दी किती, आपलं कौशल्य कुठे खपतं, एवढं पाहिलं की बहुतेकांचं भागतं. बांगलादेशातल्या राजशाही किंवा खुलन्यातल्या मुलाला मात्र त्याआधी दुसरंच काही पाहावं लागतं : तिथे कमावलेला डॉलर घरी येणार कसा? गेल्या वीसेक वर्षांत बांगलादेशी फ्रीलान्सर कुठे गेले, कुठे टिकले आणि कुठून निघाले, हे कमिशनचे तक्ते वाचून नीट कळत नाही. पैशाच्या वाटा पाहिल्या की बरंच कळतं.

आधीचा काळ थोडक्यात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्राखालच्या केबलमध्ये सामील व्हायची संधी देशासमोर आली होती. गुपितं बाहेर फुटतील या भीतीनं ती नाकारली गेली, असं तिकडे आजही चिडून सांगतात. पहिली केबल कॉक्स बाजारच्या किनाऱ्याला लागली ती २००६ मध्ये. त्यानंतरही काही वर्षं एक एमबीपीएस बँडविड्थचा घाऊक दर २७,००० टकाच्या (टका म्हणजे तिकडचं चलन) घरात होता. २०१५ मध्ये तो ६२५ टकावर आला. लोडशेडिंग तर पाचवीला पुजलेलं. म्हणून कामाच्या टेबलाखाली आयपीएस असायचाच. इन्व्हर्टरला तिकडे आयपीएस म्हणतात.

त्या पहिल्या पिढीनं गेटअफ्रीलान्सर, रेंटअकोडर, स्क्रिप्टलान्स अशा साइटवर हात बसवला. पण अपवर्कचं जुनं रूप असलेल्या ओडेस्कवर जी झुंबड उडाली ती वेगळीच होती. तिथे तासावर काम मिळे आणि टायमर चालू ठेवला की तासाच्या पैशांची हमी असे. टायमर दर दहा मिनिटांच्या टप्प्यात कधीतरी स्क्रीनचा फोटो काढून क्लायंटला दाखवायचा, आणि कळफलक किती वेळा दाबला हेही मोजायचा. पाळत आहे, अशी कुरकुर अमेरिकेतले फ्रीलान्सर करत. ढाक्यात तीच पाळत हवीहवीशी वाटली, कारण अनोळखी माणसाकडून पैसे बुडण्याची भीती जास्त होती. अडचण एकच, वीज गेली आणि बॅटरी संपली की टायमर बंद आणि हमीचा तासही बुडाला.

दुसरीकडे क्लिपिंग पाथचं काम वाढत होतं. हे काम म्हणजे फोटोशॉपच्या पेन टूलनं वस्तूच्या कडेकडेनं बिंदू टाकत जायचं आणि मागची पार्श्वभूमी कापून काढायची. बूट असेल तर काम सोपं. साखळीचा हार असेल तर प्रत्येक कडीच्या आतली पोकळीही वेगळी कापावी लागते. दर फोटोमागे, तोही बहुधा सेंटमध्ये. युरोप-अमेरिकेतल्या ऑनलाइन दुकानांसाठी असे हजारो फोटो कापणारे स्टुडिओ ढाक्यात उभे राहिले आणि तिथे शिकलेली मुलं पुढे स्वतःची खाती उघडून बसली. असं मापात बसणारं, ठरावीक दराचं काम तासाच्या बोलीपेक्षा फायव्हरच्या तयार ‘गिग’मध्ये, म्हणजे काम आणि दर आधीच ठरवून मांडलेल्या सेवेत, सहज मावतं. २०१० मध्ये सुरू झालेलं आणि पाच डॉलरच्या गिगवर नाव कमावलेलं फायव्हर बांगलादेशात इतकं का रुजलं, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं पुन्हा पैशाच्या वाटेवर. पेपाल बांगलादेशात नाही. तेव्हाही नव्हतं, अजूनही नाही. त्यामुळे टेस्टिंगच्या आणि सर्वेक्षणाच्या ज्या साइट फक्त पेपालनं पैसे देत, त्या आपसूक बाद. मनीबुकर्स आणि अलर्टपे या पैसे पाठवायच्या ऑनलाइन सेवा काही काळ चालल्या. काहींनी लंडनच्या मामाच्या किंवा न्यूयॉर्कच्या चुलतभावाच्या पत्त्यावर पेपाल खाती उघडली. लॉग-इन ढाक्याहून होतंय हे लक्षात आलं की खातं बंद व्हायचं आणि आतली रक्कम १८० दिवस अडकून पडायची. अशा खात्यांतले डॉलर फेसबुकवरच्या गटांत विकले जात. हा व्यवहार उघड उघड बेकायदा होता आणि फसवणूकही भरपूर होती. परदेशातली कमाई हाती पोचवणारी पेओनियर ही सेवा टिकली ती या पोकळीमुळे. ओडेस्क, फायव्हर, फ्रीलान्सर डॉट कॉम, तिन्हीकडचे पैसे त्याच्या कार्डावर येत आणि ते कार्ड ढाक्यातल्या एटीएममध्ये चालत असे. पुढे मोबाइल वॉलेटशी जोडणी झाली आणि पेओनियरमधली रक्कम थेट बिकाश या वॉलेटमध्ये येऊ लागली.

मध्यवर्ती बँकेनं २०११ मध्ये ऑनलाइन गेटवेतून सेवेचे पैसे आणायला परवानगी दिली, पण एका वेळी ५०० डॉलरपर्यंतच. आपल्याकडच्या जुन्या फ्रीलान्सरांना हा आकडा आठवत असेल, कारण त्याच वर्षी भारतातही पेपालवर ५०० डॉलरची मर्यादा लागू झाली होती. आपल्याकडे ती काही महिन्यांतच ३,००० झाली. तिकडे मर्यादा वाढत वाढत १०,००० डॉलरपर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली.

२०१७च्या ऑक्टोबरात पेपाल आलं म्हणून ढाक्यात मोठा समारंभ झाला. प्रत्यक्षात सुरू झालं ते पेपालच्या मालकीचं झूम, म्हणजे परदेशातल्या नातेवाइकांनी घरी पैसे पाठवायची सोय. क्लायंटला बिल पाठवून पैसे घ्यायचे असतील तर त्याचा काडीचा उपयोग नव्हता. सरकारी बाजूनं त्यावर बरंच स्पष्टीकरण आलं. फ्रीलान्सरांना ते पटलं नाही, आणि पटण्यासारखंही नव्हतं.

तोपर्यंत प्लॅटफॉर्मचा नकाशा बदलून गेला होता. रेंटअकोडर आणि स्क्रिप्टलान्स २०१२ मध्ये फ्रीलान्सर डॉट कॉमच्या पोटात गेले. ईलान्स आणि ओडेस्कच्या विलीनीकरणाची घोषणा २०१३ मध्ये झाली, त्यातून २०१५ मध्ये अपवर्क निघालं. २०१६ मध्ये अपवर्कनं सरसकट १० टक्क्यांचं कमिशन मोडून एका क्लायंटकडच्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, त्यापुढे १०,००० डॉलरपर्यंत १० आणि मग ५ अशी उतरंड लावली. मोठी, लांबलचक कामं करणाऱ्याला हे फायद्याचं होतं. ३० डॉलरचा लोगो करणाऱ्याच्या खिशाला मात्र ते थेट लागलं, आणि बांगलादेशातून अशीच छोटी कामं जास्त होत. पुढे बोली लावण्यासाठीचे ‘कनेक्ट’ही विकत घ्यावे लागले आणि तुमच्या कौशल्याचे लोक आधीच पुष्कळ आहेत, असं सांगून नवी प्रोफाइल नाकारली जाऊ लागली. फायव्हर २० टक्के घेतं, पण तिथे बोली नाही. ग्राहक स्वतः येतो.

याच काळात आकड्यांचा गाजावाजा सुरू झाला. २०१७ मध्ये ऑक्सफर्डमधल्या एका संशोधन संस्थेनं ऑनलाइन कामगारांत भारताचा वाटा २४ टक्के, बांगलादेशचा १६ आणि अमेरिकेचा १२ टक्के असल्याचं सांगितलं. ‘जगात दुसरे’ ही घोषणा त्यातूनच निघाली आणि साडेसहा लाख नोंदणीकृत फ्रीलान्सरांचा सरकारी आकडा तिला जोडला गेला. डोकी मोजणं आणि कमाई मोजणं यांत अंतर आहे, याकडे तेव्हा फार कुणी पाहिलं नाही. सरकारी प्रशिक्षणवर्ग गावोगाव निघाले, त्यांच्या शेजारी खासगी शिकवण्याही. २०१२च्या सुमारास शंभर डॉलर भरा, जाहिरातींवर क्लिक करा आणि घरबसल्या कमवा, असं सांगणाऱ्या साखळी योजनांनी हजारोंना बुडवलं होतं. फ्रीलान्सिंग म्हटलं की घरची वडीलधारी मंडळी आजही बिचकतात, त्याचं एक कारण ते आहे. लग्न ठरवताना आणि बँकेत कर्ज मागताना अडचण येते, म्हणून २०२० मध्ये सरकारनं फ्रीलान्सर ओळखपत्रही काढलं.

२०२० मध्येच पेओनियरवर सगळा भार टाकण्यातला धोका उघडा पडला. त्याची कार्डं ज्या कंपनीच्या ब्रिटनमधल्या शाखेकडून निघत, ती जर्मन कंपनी जूनमध्ये घोटाळ्यात कोसळली आणि ब्रिटनच्या नियामकानं शाखेचे व्यवहार थांबवले. काही दिवसांत ते सुरू झाले, पण तेवढे दिवस लोकांची महिन्याची कमाई पडद्यावर दिसत होती आणि हाती येत नव्हती.

आता येतो तो निर्णय, ज्यावरून आजही वाद आहे. २०१९च्या जुलैपासून परदेशातल्या कामगारांनी बँकेमार्फत घरी पाठवलेल्या पैशांवर सरकार २ टक्के प्रोत्साहन देऊ लागलं. आखातात राबणाऱ्या भावाच्या पैशांवर प्रोत्साहन आणि घरात बसून डॉलर आणणाऱ्या धाकट्याला शून्य, हे कुणाला रुचलं नाही. ‘आम्हीही रेमिटन्स योद्धे’ अशी मागणी उठली. २०२२च्या जानेवारीत ती मान्य झाली आणि वैयक्तिक फ्रीलान्सरांना ४ टक्के मिळतील असं जाहीर झालं. अट एवढीच की कमाई सरकारनं मान्य केलेल्या मार्केटप्लेसमधून आलेली हवी. सोबत ५५ नावांची यादी आली.

यादी वाचली की करणाऱ्यांनी काय विचार केला असेल, असा प्रश्न पडतो. अपवर्क, फायव्हर, फ्रीलान्सर, गुरू, पीपलपरअवर, टॉपटॅल असणारच. त्यांच्याबरोबर शटरस्टॉक, फ्रीपिक, एन्व्हाटोसारखी फोटो आणि डिझाइनची दुकानं. क्लिकबँक, अॅमेझॉन असोसिएट्ससारखी, दुसऱ्याचा माल खपवल्यावर दलाली देणारी अॅफिलिएट जाळी. त्यापुढे गूगल अॅडसेन्स, यूट्यूब आणि फेसबुकची जाहिरात-कमाई. बिहान्ससारखी, लोक मुख्यतः कामाचे नमुने ठेवतात ती जागाही. म्हणजे व्हिडिओ टाकून जाहिरातीचे पैसे घेणारा फ्रीलान्सर ठरला. चार वर्षं एकाच डॅनिश कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळणारा आणि दरमहा बँकेत थेट पैसे घेणारा मात्र ठरला नाही, कारण त्याचा क्लायंट कुठल्याच यादीत नव्हता.

सरकारची बाजू पोकळ नव्हती. डॉलर कुठून आला हे बँकेतल्या कारकुनानं ओळखायचं कसं? हुंडीचा, म्हणजे बँकेबाहेरच्या बेकायदा वाटेनं फिरणारा पैसा ‘वेब डिझाइनची फी’ म्हणून आत येऊन वर ४ टक्के घेऊन गेला तर? नावांची यादी तपासायला सोपी असते. पण सोपेपणाची किंमत भरली ती अनुभवी लोकांनी. फ्रीलान्सर जितका मुरतो तितका तो प्लॅटफॉर्मबाहेर जातो. कमिशन वाचतं, क्लायंटशी घसट वाढते. प्लॅटफॉर्मना अर्थातच हे नको असतं. अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटला दोन वर्षांच्या आत बाहेर नेलं तर शुल्क भरावं लागतं. जे काम प्लॅटफॉर्मच्या अटी करत होत्या, तेच आता सरकारी प्रोत्साहनही करू लागलं : आहात तिथेच राहा. परकी चलन वाढवायला निघालेल्या सरकारनं परक्या कंपन्यांचं कमिशन जपावं, यातली गंमत माझ्यासारख्या बाहेरून पाहणाऱ्यालाही जाणवते.

शिवाय ४ टक्के ही रक्कम त्या वर्षी फार काळ मोठी राहिली नाही. २०२२च्या ऑगस्टात बँकांमधला अधिकृत दर डॉलरला ९५ टका होता आणि खुल्या बाजारात तो ११९ला गेला. हजार डॉलरमागे चोवीस हजार टकाचा फरक. सरकारी प्रोत्साहन त्यातले चार हजारही भरून काढत नव्हतं. ‘डॉलर बाय-सेल’चे गट पुन्हा जोरात चालले ते यामुळे, नुसत्या बेइमानीचा शिक्का मारून ते समजणार नाही. २०२४ मध्ये तर प्रोत्साहनाचा टक्काही खाली आणला गेला.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२३च्या सप्टेंबरात, परदेशातून येणाऱ्या सेवेच्या मोबदल्यावर १० टक्के कर मुळातच कापायचं परिपत्रक निघालं. फ्रीलान्सर त्यात येतात की नाही, यावर दोन-तीन दिवस गोंधळ माजला. मग मंत्र्यांनी ते येत नाहीत असा खुलासा केला. पण काउंटरवरच्या माणसाला खुलाशापेक्षा परिपत्रक जवळचं. ‘हे पैसे कसले?’ या प्रश्नाला लोक तेव्हापासून प्लॅटफॉर्मचं स्टेटमेंट पुढे करतात. नामांकित प्लॅटफॉर्मवर राहण्याचा हा फायदा कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात सापडत नाही.

२०२४च्या जुलैत विद्यार्थ्यांचं आंदोलन चिघळल्यावर आधी मोबाइल इंटरनेट आणि १८ तारखेच्या रात्री ब्रॉडबँडही बंद झालं. ब्रॉडबँड पाचेक दिवसांनी हळूहळू परतलं, मोबाइल डेटा २८ तारखेला. फायव्हरवर मुदत उलटली की विक्रेत्याच्या गुणांना फटका बसतो, आणि त्याच वर्षी तिथली पातळी ठरवण्याची पद्धत आणखी कडक झाली होती. क्लायंटला साधा निरोप पाठवायची सोय नव्हती. लंडन-दुबईत ओळखीचं कुणी असलेल्यांनी त्यांना फोन करून, त्यांच्याकरवी क्लायंटला कळवलं. वर्षानुवर्षं जमवलेलं रेटिंग असं घसरल्यावर दोन ठिकाणी खाती ठेवावीत आणि निदान एक क्लायंट थेट असावा, हा सल्ला सर्रास दिला जाऊ लागला. ५५च्या यादीला तो सरळ छेद देणारा.

यानंतरचे बदल अजून बसायचे आहेत. अपवर्कनं २०२३ मध्ये उतरंड काढून पुन्हा सरसकट १० टक्के केले होते. २०२५च्या मे महिन्यापासून नव्या करारांवर शून्य ते १५ टक्क्यांपर्यंत काहीही लागू शकतं आणि ते कामागणिक बदलतं. म्हणजे आता कमिशनचीही आधी खात्री देता येत नाही. त्याच महिन्यात उपग्रहावरून इंटरनेट देणारं स्टारलिंक बांगलादेशात सुरू झालं. महिना ४,२०० टकापासून पुढे आणि वर सामग्रीचे ४७,००० टका. २०२१ मध्ये सरकारनं ठरवलेल्या दरानं पाच एमबीपीएसची तारेची जोडणी ५०० टकात मिळत होती. स्टारलिंकचा खर्च एकट्या मुलाच्या आवाक्यातला नाही. पाच-सात जण मिळून चालवत असलेल्या जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या ऑफिसांत मात्र त्याचा हिशेब मांडला जातोय, आणि त्या हिशेबात प्लॅटफॉर्मच्या कमिशनच्या रकान्याशेजारी जोडणीचा रकाना आलाय.