पर्यावरण आणि विज्ञानासाठी खासगी फाउंडेशनची अनुदानं

एखादी व्यक्ती किंवा कुटुंब आपली संपत्ती कायमची बाजूला काढून फाउंडेशन स्थापन करतं आणि त्या ठेवीच्या कमाईतून जंगलं, समुद्र, वन्यजीव किंवा त्यावरच्या संशोधनासाठी परत न मागण्याचे पैसे देतं, ते हे अनुदान, बोलताना सगळे ग्रँटच म्हणतात.

सुरुवात नेमकी कधी झाली यावर एकमत नाहीये. अमेरिकेत कार्नेगी इन्स्टिट्यूशनने १९०३ मध्ये टूसॉनजवळ वाळवंटी वनस्पतींसाठी डेझर्ट लॅबोरेटरी काढली, तिला काहीजण पहिलं उदाहरण धरतात, पण ती संस्थेची स्वतःची प्रयोगशाळा होती, दुसऱ्याला दिलेला पैसा नव्हे. जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी ग्रँड टीटन या डोंगराळ भागात राष्ट्रीय उद्यानासाठी देण्याकरता कंपनीमार्फत जमिनी घेतल्या, तेही वैयक्तिक दानच म्हणावं लागेल. त्यापेक्षा लॉरा स्पेलमन रॉकफेलर मेमोरियल या निधीने १९२८ मध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाच्या जमिनींसाठी ५० लाख डॉलर दिले, आणि तेवढेच टेनेसी व नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूने उभे राहावेत अशी अट घातली, हे आजच्या मॅचिंग ग्रँटच्या बरंच जवळ जातं, म्हणून सुरुवात इथून धरणं जास्त पटतं. १९७० च्या सुमारास फोर्ड फाउंडेशनने पर्यावरणासाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थांना पैसे दिले, तिथून आरंभ मानणारेही आहेत, पण तो आरंभ कोर्टकचेरीच्या शाखेचा.

कायद्याची चौकट अमेरिकेत १९६९ च्या टॅक्स रिफॉर्म ॲक्टने आली. खासगी फाउंडेशनला सध्या दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५% इतकं वाटप करावं लागतं. यात एक मेख आहे: हे ५% म्हणजे सगळी अनुदानंच असं नाही, धर्मादाय कामासाठी लागणारा ऑफिसचा वाजवी खर्चही त्यात धरला जातो, त्यामुळे संस्थांच्या हातात पडणारा आकडा कमी असू शकतो. कायदे करण्यासाठी लॉबिंगला, म्हणजे लोकप्रतिनिधींवर प्रभाव टाकायला, पैसे देता येत नाहीत (संशोधन किंवा लोकशिक्षणाला देता येतात, आणि सीमारेषा कुठे यावर वकिलांची चांगली कमाई होते).

देण्याच्या पद्धती बऱ्याच. १९८७ मध्ये वीडन फाउंडेशनच्या १ लाख डॉलरमधून कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनलने बोलिव्हियाचं ६.५ लाखांचं कर्ज स्वस्तात विकत घेऊन सोडून दिलं आणि बदल्यात बेनी भागात संरक्षण मिळवलं, कर्जाच्या बदल्यात निसर्ग हा पहिला व्यवहार. पुढे ‘सगळे पैसे जमल्याशिवाय सही नाही’ अशी पद्धत आली: कॅनडाच्या ग्रेट बेअर जंगलासाठी २००७ मध्ये १२ कोटी कॅनेडियन डॉलर उभे राहिले, निम्मे खासगी देणगीदारांचे, उरलेले दोन सरकारांचे. ब्राझीलच्या आर्पा या ॲमेझॉनमधल्या संरक्षित क्षेत्रांच्या कार्यक्रमासाठी २०१४ मध्ये २१.५ कोटी डॉलरचा फंड झाला, त्यातून ॲमेझॉनमधलं सुमारे ६ कोटी हेक्टर क्षेत्र सांभाळायचं होतं.

विज्ञानाच्या बाजूला रकमा तुलनेने लहान पण नेमक्या जागी पडतात. सागरी जीवगणनेवर (समुद्रातल्या जीवांची जगभर नोंद घेणारा प्रकल्प) २००० ते २०१० मध्ये एकूण सुमारे ६५ कोटी डॉलर खर्च झाले, त्यात स्लोन फाउंडेशनचे फक्त ७.५ कोटी, पण ते आधी आले म्हणून बाकीचे आले. पॅकार्ड कुटुंबाच्या पैशातून १९८७ पासून मॉन्टेरे बेमधली समुद्र संशोधन संस्था चालते, तिथे शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर एकाच छताखाली बसून खोल पाण्यात जाणारी यंत्रं बनवतात. मूर फाउंडेशन, २००० मध्ये स्थापन झालेलं, संवर्धन आणि मूलभूत विज्ञान दोन्हींना पैसे देतं.

ॲमेझॉन कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांच्या बेझोस अर्थ फंडची २०२० ची १० अब्ज डॉलरची घोषणा आकड्याने सगळ्यात मोठ्यांपैकी, पण घोषणा आणि वाटप यात काही वर्षांचं अंतर असतं.