अखलाक, नीती, शील : मराठवाड्यातल्या तौलनिक धर्मविचाराची पार्श्वभूमी

मराठवाड्यात ज्यांचं शिक्षण निजामाच्या राजवटीत झालं, त्या पिढीला नीतिशास्त्र हा शब्द कॉलेजात भेटलाच नाही. त्यांना भेटला 'इल्मुल अखलाक', म्हणजे उर्दूतलं नीतिशास्त्र. 1918 साली हैदराबादेत उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याच्या भाषांतर विभागाने युरोपातले तत्त्वज्ञानाचे ग्रंथ उर्दूत आणले. घरी ज्ञानेश्वरी, कॉलेजात उर्दूतून पाश्चात्त्य 'फलसफा', म्हणजे तत्त्वज्ञान : अशा मुलाला दोन संस्कृतींची नीती शेजारी ठेवून पाहायला कुणी वेगळं सांगावं लागत नव्हतं. तत्त्वज्ञानाचे जे प्राध्यापक पुढे या भागात तौलनिक धर्म आणि नीती हा विषय आयुष्यभर शिकवत राहिले, त्यांच्या कामामागची ही जमीन आहे.

विषयाचा विद्यापीठीय जन्म अर्थात दूरचा. धर्मांचे अभ्यासक मॅक्सम्युलर यांनी 1870 साली लंडनच्या व्याख्यानांत सांगितलं की ज्याला एकच धर्म माहीत आहे त्याला कोणताच माहीत नाही. महाराष्ट्रातून महर्षी विठ्ठल रामजी शिंदे 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले ते हाच विषय शिकायला. 1903 मध्ये परतले आणि त्या अभ्यासाला अस्पृश्यतानिवारणाच्या कामाची जोड दिली. ही परंपरा महत्त्वाची आहे, पण मराठवाड्याला धर्मांची तुलना त्याच्या कितीतरी आधीपासून येत होती, आणि ती ग्रंथालयात बसून केलेली नव्हती.

वेरुळात 34 लेणी आहेत : 12 बौद्ध, 17 हिंदू, 5 जैन. तिथून जवळच खुलताबाद, चौदाव्या शतकात दिल्लीहून दख्खनेत आलेल्या चिश्ती सूफींचं गाव. बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा तिथे आहे. नांदेडला 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि ग्रंथसाहेबाला गुरुपद मिळालं. त्या ग्रंथात नामदेवांची 61 पदं आहेत, आणि नामदेवांचं नाव जोडलेलं नरसी गाव नांदेडपासून फार लांब नाही. पण धर्म शेजारी नांदले एवढ्याने तुलना होत नाही. शेजारी वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलताही राहतात. तुलनेला बोलावं लागतं, आणि ते बोलणं पैठणच्या एकनाथांनी लिहून ठेवलं.

एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अहमदनगरच्या निजामशाहीचे अधिकारी होते. त्यामुळे मुसलमानी दरबाराची भाषा नाथांच्या कानाला परकी नव्हती. 'हिंदू-तुर्क संवादा'त त्यांचा तुर्क दखनी वळणाची बोली बोलतो, हिंदू मराठी. दोघंही हातचं राखून बोलत नाहीत. तुर्क पुराणांतल्या देवांच्या कथा काढून हिंदूची फजिती करतो. हिंदू विचारतो, देव सगळीकडे आहे म्हणता, मग एकाच दिशेला तोंड कशाला? पुढे तो सगळ्यात अवघड प्रश्न टाकतो : मला मुसलमान करायचं म्हणता, मग मला हिंदू घडवताना देव चुकला, असंच तुमचं म्हणणं झालं की नाही? एवढ्या भांडणानंतर दोघं एकमेकांना वंदन करतात. सोळाव्या शतकातली ही रचना मला आंतरसांस्कृतिक नीतिशास्त्राचा उत्तम पाठ वाटते, कारण तिच्यात मतभेद झाकलेले नाहीत. 'सगळे धर्म सारखेच' असं म्हणून सुटका करून घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे; नाथांनी ती करून घेतली नाही.

दुसरा मोठा टप्पा औरंगाबादचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे 1950 साली इथे महाविद्यालय काढलं. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इमारतीची कोनशिला बसवली. त्याला नाव मिळालं मिलिंद, परिसराला नागसेनवन. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिनँडर म्हणजे मिलिंद भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारतो. चर्चा सुरू होण्याआधी नागसेन अट घालतो : पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलतो, राजांसारखं असेल तर नाही. पंडितांच्या वादात एकाचं म्हणणं खोडलं जातं, तो ते मान्य करतो आणि रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा देतो. मिलिंद पंडितांची रीत पत्करतो. महाविद्यालयाला नाव दिलं ते उत्तर देणाऱ्याचं नव्हे, प्रश्न विचारणाऱ्याचं. माझ्या मते यात शिक्षणाविषयीची एक भूमिकाच आहे.

बाबासाहेबांची तुलना केवळ माहितीसाठी नव्हती. 1935 ची येवल्याची धर्मत्यागाची घोषणा आणि 1956 चं धर्मांतर यांत 21 वर्षांचं अंतर आहे, आणि त्या काळात त्यांनी धर्मांना नीतीचा निकष लावला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते म्हणतात की धर्माला नीती ही आगगाडीच्या डब्यासारखी जोडलेली असते, गरजेप्रमाणे जोडायची, गरजेप्रमाणे सोडायची. धम्मात मात्र देवाच्या जागी नीतीच असते. शील हा नीतीच्या आचरणासाठीचा बौद्ध शब्द मराठवाड्याच्या वर्गांत नव्याने ऐकू येऊ लागला तो इथून.

23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. पुढची हकिकत दुखरी आहे. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव दलितांची घरं जाळली गेली. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या काळात इथे नीतिशास्त्र शिकवणाऱ्याला जर्मन तत्त्वज्ञ कांटचा कर्तव्यविचार सांगताना खिडकीबाहेर पाहावंच लागत होतं. नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर मनुस्मृतीवर आणि मुस्लिम राजकारणावर सारख्याच निर्भीडपणे बोलत; अशा माणसांमुळे धर्म आणि नीतीचा हा प्रश्न कॉलेजच्या भिंतीबाहेरही राहिला.

मला हा विषय ज्या सरांनी शिकवला, ते एकनाथांचा तो संवाद वर्गात मोठ्याने वाचून घेत. तुर्काचं बोलणं हिंदू मुलाकडे देत, हिंदूचं मुसलमान मुलाकडे. पहिल्या वाचनात दोघंही अडखळत. मग सर म्हणत, "आता वाटून दिलेलं बोलणं न बदलता पुन्हा वाचा."