द्रवपिशव्यांची निर्जंतुक जोडणी

द्रवपिशव्यांची निर्जंतुक जोडणी : सलाईन, ग्लुकोज, रक्त, पोटाच्या डायलिसिसचे द्रावण किंवा लसनिर्मितीत लागणारे पोषक द्रव लवचीक प्लास्टिकच्या पिशव्यांत साठवतात. अशा पिशवीला नळी किंवा दुसरी पिशवी जोडताना आतला द्रव बाहेरच्या हवेच्या, हाताच्या अथवा कोणत्याही अनिर्जंतुक पृष्ठभागाच्या संपर्कात येऊ न देता त्याचा मार्ग खुला करणाऱ्या रचनेस निर्जंतुक जोडणी म्हणतात. पिशवीचे पोर्ट म्हणजे नळी जोडायचे तोंड, त्यात घुसणारा स्पाईक म्हणजे टोकदार पोकळ खिळा, फिरवून बसणारे ल्यूअर लॉक, आतल्या आत मोडणारी खुंटी, नळ्यांचे गरम पात्याने होणारे सांधकाम आणि औषधनिर्मितीतील पडदा-ओढ कनेक्टर हे सर्व या संज्ञेत मोडतात.

पिशवी, तिच्यातला द्रव आणि नळी कारखान्यातून निर्जंतुकच बाहेर पडतात. मग अडचण येते कुठे? भरलेली पिशवी साधारणपणे १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक करतात. ड्रिप चेंबर, गाळणी आणि रबरी भाग असलेला आय. व्ही. सेट, म्हणजे शिरेवाटे द्रव देण्याचा नळीसंच, मात्र कोरडा राहावा लागतो, म्हणून त्यासाठी इथिलीन ऑक्साइड वायू किंवा प्रारण वापरतात. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि त्यांची पहिली गाठ पडते ती रुग्णाच्या खाटेशी. एखाद्या नगात जिवंत जंतू उरण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा अधिक नसावी, असा कारखान्यातला दंडक असतो. पोर्टाचे टोपण काढल्यापासून स्पाईक आत बसेपर्यंतच्या काही सेकंदांत मात्र सारी भिस्त जोडणीच्या आकारावर आणि जोडणाऱ्याच्या हातावर असते. त्यातही ५ टक्के ग्लुकोजच्या द्रावणात क्लेबसिएला, एंटेरोबॅक्टर आणि सेराशिया हे जंतू खोलीच्या तापमानाला सहज वाढतात, आणि एका मिलिलिटरमध्ये त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाईपर्यंत द्रव डोळ्यांना नितळच दिसतो. बाटलीच्या तोंडाशी झालेला किरकोळ वाटणारा बदल किती महागात पडू शकतो, हे १९७०-७१ मध्ये अमेरिकेत दिसले. तेथे शिरेवाटे द्यायच्या द्रवांच्या बाटल्यांना नव्या अस्तराची स्क्रू-झाकणे आली आणि त्या अस्तरात राहिलेल्या जंतूंमुळे २५ रुग्णालयांतील ३७८ रुग्णांना संसर्ग झाला.

लवचीक पिशवीचा मोठा फायदा असा, की द्रव बाहेर पडू लागताच ती वातावरणीय दाबाने आपोआप चपटी होते आणि तिच्यात हवा सोडावी लागत नाही. अर्धवट कडक प्लास्टिकच्या बाटलीला हवेची वाट द्यावी लागते. आपल्याकडील अनेक दवाखान्यांत अजूनही बाटलीच्या बुडाशी सुई टोचून ती दिली जाते, म्हणजे वॉर्डातली हवा गाळल्याशिवाय थेट द्रवात शिरते. अर्जेंटिना, ब्राझील, इटली आणि मेक्सिको या चार देशांतील अतिदक्षता विभागांत अशा खुल्या बाटल्यांऐवजी बंद पिशव्या आणल्यावर मध्यवर्ती शिरेतील नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावर आले. तेव्हा जोडणीच्या रचनेचा विचार पिशवीच्या भिंतीपासूनच सुरू व्हायला हवा; चांगले पोर्ट बसवलेली पण सुईने भोसकलेली बाटली हा पैशाचा अपव्यय होय.

सामान्य आय. व्ही. पिशवीला दोन तोंडे असतात. एकात आपोआप मिटणारी रबरी चकती असते व तिच्यातून सुईने औषध मिसळतात. दुसऱ्यात पातळ पडदा असतो व तो स्पाईकने फोडतात. दुसऱ्या तोंडाची रचना वरवर साधी वाटते, पण तिच्यात क्रम साधावा लागतो. स्पाईकची भिंत पोर्टाच्या नळीत घट्ट बसून गळती बंद झाल्यानंतरच त्याचे टोक पडद्याला भिडले पाहिजे. पडदा फार वर असला तर तो आधी फुटतो आणि द्रव बोटांवर ओघळतो. फार खोल असला तर स्पाईक पूर्ण बसूनही मार्ग उघडत नाही, आणि परिचारिका तो पिळत, ढकलत राहते. स्पाईकला बोटे टेकवण्यासाठी रुंद कडा हवी, म्हणजे टोकाकडे हात जाणार नाही. पोर्टाची नळी पुरेशी लांब हवी, नाहीतर स्पाईक पिशवीची भिंत भोसकतो. प्लास्टिकीकारक मिसळलेले पी. व्ही. सी. थंडीत ताठरते, त्यामुळे इंदूरसारख्या शहरात जानेवारीच्या पहाटे, पारा १० अंशांच्या खाली असताना, एरवी सहज बसणारा स्पाईक जोर मागतो. जोर लावला की हात घसरतो, आणि घसरलेला हात नेमका नको तिथे लागतो. म्हणून बसवण्यास लागणारा जोर केवळ प्रयोगशाळेच्या तापमानाला मोजून भागत नाही.

नळीच्या दुसऱ्या टोकाला बहुधा ल्यूअर जोड असतो. त्याचा शंकू ६ टक्के उताराचा असून दोन शंकूंच्या घर्षणाने सांधा बंद होतो. बाहेरची आटेदार कडी तो सुटू देत नाही. या जोडाची सोय हाच त्याचा दोषही ठरला. शिरेची नळी, पोटात अन्न देण्याची नळी आणि मेरुमज्जेभोवतीची सुई या सर्वांना एकच तोंड असल्याने नळीवाटे पोटात द्यायचे अन्न शिरेत गेल्याच्या आणि शिरेतून द्यायचे विन्क्रिस्टीन हे कर्करोगावरील औषध मेरुद्रवात टोचले गेल्याच्या प्राणघातक घटना घडल्या. त्यावर उपाय म्हणून आय. एस. ओ. ८०३६९ ही मानकमालिका आली. तिच्यात प्रत्येक मार्गासाठी वेगळे माप ठरवले असून चुकीची जोडी बसतच नाही. सूचनाफलक लावून जे साधले नव्हते ते मापाने साधले. या विषयातील बहुतेक खरी प्रगती अशीच झाली आहे : माणसाला सावध करण्यापेक्षा त्याच्या हातून चूक होण्याची जागाच काढून टाकणे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पोटाच्या (पेरिटोनियल) डायलिसिसमध्ये, म्हणजे पोटाच्या पोकळीत द्रव भरून व काही तासांनी उतरवून रक्त शुद्ध करण्याच्या पद्धतीत, सापडते. अमेरिकेतील पॉपोविच आणि मॉन्क्रिफ यांनी १९७६ मध्ये सतत चालणाऱ्या फिरत्या पेरिटोनियल डायलिसिसची कल्पना मांडली. तेव्हा द्रव काचेच्या बाटल्यांत येत असे. १९७८ मध्ये टोरांटोच्या ओरिओपुलोस यांनी प्लास्टिकच्या पिशव्या वापरात आणल्या. रिकामी पिशवी घडी करून कपड्यांखाली अंगावरच ठेवायची, पोटातला द्रव नंतर तिच्यातच उतरवायचा आणि मग नवी जोडायची. दिवसातून चार बदल धरले तर वर्षाला १,४६० वेळा सांधा उघडतो, आणि प्रत्येक वेळी पोटाच्या पोकळीचे दार किलकिले होते. सुरुवातीच्या रुग्णांना पेरिटोनायटिस म्हणजे पोटाच्या आतील आवरणाचा दाह वारंवार होई. धातूचे जोड, पूतिरोधकाने भरलेली आवरणे, मोठी टोपणे असे अनेक उपाय झाले. निर्णायक सुधारणा इटलीतील पेरुजा येथे बुऑनक्रिस्टियानी यांच्या वाय आकाराच्या नळीने झाली. तिच्या एका फाट्याला नवी पिशवी आणि दुसऱ्याला निचऱ्याची पिशवी असते. जोडणी झाल्यावर आधी पोटातला द्रव बाहेर सोडतात, नव्या द्रवाचा थोडा भाग नळीतून थेट निचऱ्याच्या पिशवीत वाहू देतात, आणि मगच पोट भरतात. सांध्यावर पडलेले जंतू अशा रीतीने पोटाऐवजी निचऱ्यात जातात. येथे सांधा पूर्वीइतकाच उघडा पडतो. बदलली ती प्रवाहाची दिशा. कॅनडातील १९८९ च्या बहुकेंद्रीय चाचणीत जुन्या पद्धतीत सरासरी सुमारे १० रुग्ण-महिन्यांनी (सर्व रुग्णांच्या उपचाराचे महिने मिळून) येणारा दाह, पूतिरोधकासह वाय-नळी वापरणाऱ्या गटात २१ रुग्ण-महिन्यांहून अधिक काळाने आला. पुढे दोन्ही पिशव्या कारखान्यातच नळीला जोडून येऊ लागल्या आणि रुग्णाच्या वाट्याला एकच सांधा उरला. पेरिटोनियल डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या शिफारशीनुसार दाहाचे प्रमाण दर रुग्णामागे वर्षाला ०.४ पेक्षा अधिक नसावे.

ही जोडणी दवाखान्याबाहेर होते, हे रचनाकाराने विसरता कामा नये. इंदूरच्या रामबाग किंवा नारायणबागेतल्या एखाद्या मराठी घरात आजोबा खोलीचे दार लावून, पंखा बंद करून, तोंडाला मास्क बांधून आणि हात धुऊन पिशवी बदलतात. इंदूरच्या एम. वाय. या सरकारी रुग्णालयात माळवा-निमाडमधून येणाऱ्या रुग्णांपैकी कोणी हा मार्ग निवडला, तर खरगोनकडच्या गावात वीज नसताना त्याला तेच करावे लागते. मूत्रपिंडे निकामी होण्याचे एक प्रमुख कारण मधुमेह असल्याने अशा रुग्णाची दृष्टी अधू आणि बोटांची संवेदना मंद असण्याचा संभव मोठा असतो. त्यामुळे कनेक्टरला पकडायला पंख असणे, सांधा पूर्ण बसल्याचे बोटांना कळणे, टोपण एकदा काढल्यावर ते पुन्हा लावून वापरता न येणे, या गोष्टी सोयीच्या नसून संसर्ग टाळण्याच्या आहेत. पिशवीच्या तोंडातली खुंटी बाहेरून वाकवून आत मोडण्याची रचनाही याच कारणाने रूढ झाली, कारण तिच्यात आतला मार्ग उघडताना बाहेरचे काहीही उघडावे लागत नाही. खुंटी अर्धवट मोडली तर प्रवाह मंदावतो, ही तिची नेहमीची तक्रार.

रक्तपिशव्यांमध्ये वेगळी वाट चोखाळली गेली. कार्ल वॉल्टर व विल्यम मर्फी यांनी १९५० च्या सुमारास काचेच्या बाटलीऐवजी प्लास्टिकची पिशवी आणली, आणि एका सुईला जोडलेल्या तीन-चार पिशव्यांचा बंद संच शक्य झाला. रक्त आतल्या आत एका पिशवीतून दुसरीत ढकलून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे करता येऊ लागले. भारतात रक्तपिशवीचे तंत्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झाले. संच बंद असेपर्यंत तांबड्या पेशी द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. एकदा सांधा उघडला, की शीतकपाटात ठेवूनही त्या २४ तासांत वापराव्या लागतात. लहान बाळासाठी एका पिशवीतून थोडेथोडे रक्त अनेक वेळा काढायचे असेल, तर या नियमामुळे उरलेले रक्त वाया जाते. नळ्या सांधणारे यंत्र ही अडचण सोडवते. त्यात दोन नळ्या शेजारी ठेवतात, २५० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले तांब्याचे पाते दोन्ही नळ्या वितळवत कापते, नळ्या सरकून एकमेकींसमोर येतात आणि पाते बाजूला होताच वितळलेली टोके एकजीव होतात. कापलेली टोके क्षणभरही थंड व उघडी नसतात. नंतर सांध्याचे तोंड बोटांनी चोळून उघडतात आणि गळती व सरळपणा तपासतात. दोन्ही नळ्या एकाच मापाच्या व एकत्र वितळणाऱ्या पदार्थाच्या असाव्या लागतात, ही याची मर्यादा होय.

औषधनिर्मितीत शेकडो लिटरच्या पिशव्या जोडताना पडदा-ओढ कनेक्टर वापरतात. दोन्ही अर्ध्या भागांच्या तोंडावर निर्जंतुक पडदे असतात. भाग एकमेकांत अडकवून दोन्ही पडदे एकदम ओढून काढले, की बाहेरून मळलेली पृष्ठे परस्परांवर दुमडून निघून जातात आणि आतली स्वच्छ तोंडे भिडतात.

पदार्थाची निवड निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीशी बांधलेली असते. प्रारणाची प्रचलित मात्रा २५ किलोग्रे असून तिने साधे पॉलिप्रॉपिलीन कालांतराने ठिसूळ होते, पी. व्ही. सी. पिवळसर पडते, म्हणून त्यांचे स्थिरीकारक घातलेले प्रकार घ्यावे लागतात. पॉलिकार्बोनेट पारदर्शक आणि मजबूत असले, तरी मेदद्रावण व स्पिरिट यांच्या संपर्कात ताणाखाली त्याला बारीक भेगा पडतात. इंदूरला या कामाची एक विशेष सोय आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने स्वतः बनवलेल्या इलेक्ट्रॉन प्रवेगकावर आधारित प्रारण-केंद्र देवी अहिल्याबाई होळकर फळ-भाजी मंडीच्या आवारात उभारले असून तेथे वैद्यकीय वस्तूंचे निर्जंतुकीकरण होते. शहरातल्या लोकांना ही जागा चोइथराम मंडी म्हणून, म्हणजे कांदा-बटाट्यासाठी, ठाऊक असते. इलेक्ट्रॉन शलाकेत लागणारी मात्रा काही सेकंदांत मिळते, गॅमा किरणांना तास लागतात. त्यामुळे प्लास्टिकला प्राणवायूशी संयोग होऊन झिजण्यास कमी वेळ मिळतो. उलट १० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉनही पाण्याइतक्या घनतेच्या पदार्थात काही सेंटिमीटरच शिरतात. म्हणून भरलेल्या पिशव्यांपेक्षा सुटे कनेक्टर व नळ्या यांना ही पद्धत मानवते, आणि खोक्यात ते कसे रचले आहेत यालाही महत्त्व येते.

चाचणीत गळती, कमी दाबाखाली हवा आत शिरणे, ओढ, उलटे फिरणे आणि ताणाच्या भेगा तपासतात. जंतूंविषयीची खरी परीक्षा म्हणजे पिशव्यांत पोषक द्रव भरून, प्रत्यक्ष वापरासारख्या किंवा मुद्दाम वाईट परिस्थितीत, बाहेरून जंतू लावून जोडण्या करायच्या आणि त्या १४ दिवस उबवून गढूळपणा येतो का ते पाहायचे. ही परीक्षा सराव झालेल्या तंत्रज्ञाच्या हातून घेतली तर तिचा निकाल फारसा उपयोगी नसतो. भारतात ही साधने वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येतात.

सध्याचा पेच पदार्थाचाच आहे. पी. व्ही. सी. मऊ ठेवणारे डी. ई. एच. पी. हे थॅलेट द्रवात उतरते, म्हणून शिरेतील द्रवांसाठी पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या वाढत आहेत. परंतु तेच द्रव्य तांबड्या पेशींचे आवरण टिकवण्यास मदत करते, त्यामुळे रक्तपिशव्यांतून ते काढणे अवघड जाते. जैव-वैद्यकीय कचरा नियम, २०१६ मध्ये क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या बंद करण्याची तरतूद झाली, तेव्हा रक्तपिशव्यांना २०१८ च्या दुरुस्तीने वगळावे लागले. जोडणीच्या दृष्टीने अडचण आणखी वेगळी आहे : पी. व्ही. सी. उच्च वारंवारतेच्या विद्युतलहरींनी तापून सहज सांधले जाते, पॉलिप्रॉपिलीन तसे तापत नाही. परिणामी नव्या पिशव्यांची पोर्टे उष्णतेने वितळवून बसवावी लागतात, आणि रक्तपेढीतले नळी मिटवणारे जुने यंत्र त्यांच्या नळ्यांवर चालत नाही.