कीबोर्डची प्लेट

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये कीकॅप (कीवरची टोपी) आणि पीसीबी (खालची सर्किटची पाटी) यांच्या मधोमध जो पत्रा असतो, त्याला प्लेट म्हणतात. प्रत्येक कीखालचा स्विच तिच्यातल्या १४ मिमीच्या चौकोनी भोकात खटक्याने अडकतो. दोन शेजारच्या भोकांच्या मध्यबिंदूंत १९.०५ मिमी अंतर असते. जाडी बहुधा १.५ मिमी.

की तळाला आपटली की धक्का आधी प्लेटमध्ये उतरतो. ती किती वाकते आणि तिची थरथर किती लवकर विरते, यावर आवाज आणि बोटाला जाणवणारा कडकपणा बराचसा ठरतो. पितळी तांब्या आणि प्लास्टिकचा मग शेजारी ठेवून नखाने टिचकी मारा, फरक लगेच कळेल. स्टील सर्वांत ताठ, पितळ त्याच्या साधारण निम्मे, ॲल्युमिनियम एक-तृतीयांश. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक ॲल्युमिनियमपेक्षाही सुमारे ३० पट लवचीक असते. म्हणून धातूवर आवाज टणक, उंच पट्टीचा येतो. पॉलिकार्बोनेट आणि पॉम (हेही प्लास्टिकच) यांवर तो खोल, दबका होतो आणि बोटे कमी दुखतात. पीसीबी ज्याचा बनतो ते एफआर-४ (काचतंतू आणि राळ यांचा पत्रा) धातू आणि प्लास्टिक यांच्या मधले. पण नुसत्या प्लेटवर विसंबू नये: स्क्रूने केसला (कीबोर्डच्या बाहेरच्या खोक्याला) घट्ट आवळलेली पॉलिकार्बोनेटची प्लेटही स्क्रूजवळ कडकच लागते, तर गॅस्केटवर, म्हणजे मऊ पट्ट्यांवर, टेकवलेले ॲल्युमिनियम बरेच मऊ वाटते.

मराठी टंकणाऱ्याला हे विशेष जाणवते. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीत हलन्त ‘डी’च्या कीवर आहे, त्यामुळे जोडाक्षर आले की तीच की पुन्हा पुन्हा दाबावी लागते. कडेने आवळलेली प्लेट मधल्या भागात जास्त लवते, काठाच्या कीज मात्र ताठ राहतात.

ठाण्यात वागळे इस्टेट आणि नवी मुंबईत महापे एमआयडीसी इथे लेझरने पत्रा कापणारी वर्कशॉप आहेत, तेव्हा हौशी माणसाला प्लेट कापून घेणे अवघड नाही. लेझरची रेघ स्वतः थोडा धातू खाते. ड्रॉइंगमध्ये तेवढी भरपाई धरली नाही तर भोक मोठे होते, आणि कीकॅप काढताना स्विचही उपटून हातात येतो. पॉलिकार्बोनेट लेझरखाली पिवळे पडते, कडा जळतात. ते सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणाऱ्या, फिरत्या पात्याने कापणाऱ्या यंत्रावर) कापावे. ऐरोलीच्या कंपनीचे काम रात्री घरून करायचे आणि पलीकडच्या खोलीत मूल झोपलेले असेल, तर पितळेचा मोह सोडून पॉलिकार्बोनेट घ्यावे आणि खाली फोम घालावा.