शेजाऱ्याच्या मनात काय आहे? पूर्व जर्मनीतील पाळत आणि प्रतिकार

कम्युनिस्ट पक्षाची सत्ता असलेल्या पूर्व जर्मनीतील मतदान हा पाच मिनिटांत उरकणारा विधी होता. मतदाराच्या हाती उमेदवारांची एकच यादी दिली जाई. तिच्यावर खूण करण्याचीही गरज नसे. कागद दुमडून पेटीत टाकला की होकार नोंदला जाई. नकार द्यायचा असेल तर यादीतील एकेक नाव खोडावे लागे. त्यासाठी आडोसा केलेला असे, पण त्या आडोशाकडे वळणाऱ्या माणसाची नोंद होते हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे बहुतेक लोक उघड्यावरच कागद दुमडून मोकळे होत. होकाराचे प्रमाण दर वेळी ९९ टक्क्यांच्या आसपास जाहीर होई आणि त्या आकड्याला लोकांचे खरे मत मानणारे फारसे कोणी नसे.

ज्यावर कोणी विश्वास ठेवत नाही असा आकडा एवढ्या खटाटोपाने दर निवडणुकीत का तयार करायचा, हा प्रश्न सर्वंकष सत्तेच्या अभ्यासात कळीचा आहे. अर्थशास्त्रज्ञ तिमुर कुरान यांनी १९८९ च्या पूर्व युरोपातील उलथापालथीचे विश्लेषण करताना त्याचे उत्तर मांडले. माणसाला खरोखर काय हवे असते आणि चारचौघांत तो काय हवे असल्याचे दाखवतो, या दोन गोष्टी भयाच्या वातावरणात वेगळ्या होतात. मनातील मत दडवून प्रत्येक जण जाहीरपणे होकार देत राहिला की प्रत्येकाला इतरांचा केवळ होकारच दिसतो. आपला होकार खोटा आहे हे त्याला माहीत असते. शेजाऱ्याचाही खोटा आहे की काय, हे मात्र कळायला मार्ग नसतो. ९९ टक्क्यांचा आकडा खरा वाटावा अशी राजवटीची अपेक्षाच नव्हती. सगळे जण अजून निमूटपणे कागद दुमडत आहेत, एवढे त्यातून दिसले तरी तिचे काम भागत होते.

हे अज्ञान टिकवून ठेवणे हे श्टाझी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्य सुरक्षा मंत्रालयाचे, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाचे काम होते. १९५० मध्ये स्थापन झालेल्या आणि १९५७ पासून एरिक मील्के यांच्या हाताखाली असलेल्या या यंत्रणेत १९८९ साली सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते आणि सुमारे १ लाख ८९ हजार गुप्त खबरे होते. देशाची लोकसंख्या १ कोटी ६४ लाखांच्या घरात होती. म्हणजे सरासरी साठेक नागरिकांमागे एक माणूस या यंत्रणेसाठी काम करत होता. पत्रे वाफेवर उघडून वाचणारा विभाग वेगळा, दूरध्वनी ऐकणारा वेगळा. संशयितांच्या अंगाचा वास कापडाच्या तुकड्यांत टिपून ते तुकडे बरण्यांत साठवले जात, म्हणजे पुढे कुठे बंडखोर पत्रक सापडले तर कुत्र्यांकडून माग काढता येईल. या बरण्यांची छायाचित्रे आज बर्लिनला जाणारा प्रत्येक पर्यटक पाहतो आणि हसतो. पण खरा परिणाम बरण्यांचा नव्हता. कार्यालयातील सहकारी, गायनमंडळातील सोबती किंवा घरातलाच माणूस खबऱ्या असू शकतो, ही शक्यता पुरेशी होती. ती दर वेळी खरी असण्याची गरजही नव्हती. पुढे काही जणांच्या बाबतीत ती भयंकर रीतीने खरी ठरली: सरकारविरोधी कार्यकर्त्या फेरा वोलेनबर्गर यांना दफ्तरे खुली झाल्यावर कळले की त्यांच्यावर पाळत ठेवून माहिती पुरवणारा खबऱ्या त्यांचा स्वतःचा पती होता.

सत्तरच्या दशकात या यंत्रणेची पद्धत बदलली. पूर्व जर्मनी १९७३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला, १९७५ मध्ये त्याने मानवी हक्कांचा आदर करण्याचे वचन असलेल्या हेलसिंकी करारावर सही केली आणि उघड अटकसत्र आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठेच्या दृष्टीने महाग पडू लागले. जानेवारी १९७६ च्या एका गुप्त निर्देशानुसार विरोधकाला तुरुंगात न टाकता त्याचे आयुष्य आतून विस्कटून टाकण्याचे तंत्र अधिकृत झाले. निनावी पत्रे पाठवणे, चारित्र्याविषयी अफवा पेरणे, नोकरीत कारण न सांगता अडवणूक करणे, मित्रमंडळात परस्परसंशय निर्माण करणे, क्वचित घरात शिरून वस्तूंच्या जागा बदलणे असे त्याचे प्रकार होते. पोट्सडाम येथील मंत्रालयाच्या स्वतःच्या उच्च शिक्षणसंस्थेत यासाठी मानसशास्त्र शिकवले जात असे. या तंत्राचा रोख व्यक्तीइतकाच तिच्या भोवतीच्या नात्यांवर होता. अटक झालेल्या माणसाविषयी सहानुभूती वाटते. पण ज्याच्यावर खबऱ्या असल्याचा संशय आहे त्याला मित्रच टाळतात आणि पोलिसांना काही करावे लागत नाही.

नाती तोडण्यावर एवढा भर का असावा, हे सॉलोमन ॲश यांच्या प्रयोगांवरून समजते. १९५० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या या प्रयोगांत सहभागी व्यक्तीला फक्त रेषांची लांबी ताडून पाहायची होती. खोलीतील इतर सगळे आधीच ठरल्याप्रमाणे चुकीचे उत्तर देत. डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही सहभागी व्यक्तींनी सुमारे ३७ टक्के वेळा बहुमताचेच चुकीचे उत्तर दिले. मात्र खोलीत खरे उत्तर देणारा एकच साथीदार असला, तर अशा शरणागतीचे प्रमाण आधीच्या साधारण एक चतुर्थांशावर येत असे. रेषा मोजणाऱ्याला तुरुंगाचे भय नव्हते, हा फरक अर्थातच मोठा आहे. तरीही एका साथीदाराने एवढा फरक पडत असेल, तर राजवटीच्या दृष्टीने खरा धोका तोच साथीदार असणार.

या व्यवस्थेची किंमत राजवटीलाही मोजावी लागली. लोक खरे बोलत नसल्यामुळे राज्यकर्त्यांनाही खरे कळत नाही आणि खालचे अधिकारी वरिष्ठांना रुचेल असेच लिहितात. श्टाझीने शंभर किलोमीटरहून अधिक लांबीची दफ्तरे जमवली, परंतु ३१ ऑगस्ट १९८९ रोजी मील्के यांना आपल्या अधिकाऱ्यांना विचारावे लागले की उद्या पुन्हा १७ जून उजाडणार आहे काय. हा संदर्भ १९५३ च्या त्या कामगार उठावाचा होता, जो सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला होता. तसे काही होणार नाही, त्यासाठीच तर आम्ही आहोत, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. चारच दिवसांनी लाइपझिगमध्ये लोक रस्त्यावर आले.

त्याआधी लोकांनी एक साधी गोष्ट केली होती: त्यांनी मते मोजली होती. मतमोजणी सार्वजनिक असेल, असे कायद्यातच म्हटले होते. तो हक्क तोपर्यंत कोणी बजावत नव्हते एवढेच. ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत चर्चच्या आश्रयाने जमलेल्या गटांनी ठिकठिकाणी मतदान केंद्रांवर बसून नकाराची मते टिपली आणि नंतर बेरीज केली. सरकारने ९८.८५ टक्के होकार जाहीर केला. बर्लिनच्या व्हाइसेन्झे भागासह अनेक ठिकाणी कार्यकर्त्यांनी मोजलेले नकार अधिकृत आकड्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले. निवडणूक खोटी आहे हे आधीही सर्वांना माहीत होते. नवे होते ते हे, की आपल्यासारखे नकार देणारे इतके आहेत. या मोजणीला मी त्या वर्षातील सर्वांत परिणामकारक कृतींपैकी एक मानतो, जरी इतिहासाच्या लोकप्रिय कथनात तिला बर्लिनच्या भिंतीइतकी जागा मिळत नाही.

दुसरी संधी अनपेक्षित बाजूने आली. हंगेरीने ११ सप्टेंबरला ऑस्ट्रियाची सीमा खुली केली आणि हजारो पूर्व जर्मन नागरिक त्या वाटेने निघून गेले. एखाद्या व्यवस्थेवर नाराज असलेला माणूस एक तर सोडून जातो किंवा आवाज उठवतो आणि जाण्याची वाट मोकळी असली की आवाज क्षीण होतो, अशी मांडणी अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये केली होती. १९८९ मध्ये उलटेच घडले, हे त्यांनी पुढे स्वतः नोंदवले. जाणाऱ्यांची संख्या लपवता येत नव्हती आणि ती मागे राहिलेल्यांना इतरांच्या मनाची बातमी देत होती. ‘आम्हाला जायचे आहे’ या घोषणेला लवकरच ‘आम्ही इथेच राहणार’ असे प्रत्युत्तर ऐकू येऊ लागले.

लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांतता-प्रार्थना होत असे. क्रिस्टियान फ्यूरर हे तेथील पाद्री. ४ सप्टेंबरला प्रार्थनेनंतर चर्चबाहेर बाराशेच्या आसपास लोक जमले. महिन्याअखेर ते काही हजार झाले आणि ९ ऑक्टोबरला सुमारे ७० हजार. या वाढीमागचे गणित समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्येच मांडले होते. समजा, चौकात शंभर माणसे आहेत. पहिला कोणाचीही वाट न पाहता पुढे येतो, दुसरा एक जण पुढे आला तरच येतो, तिसरा दोन जण आले तर, आणि असेच शेवटपर्यंत. अशा चौकात एकामागून एक सगळे शंभर जण पुढे येतात. आता फक्त दुसऱ्या माणसाला किंचित भित्रा करा, म्हणजे तो दोघे आले तरच येणार. पहिला एकटाच पुढे येतो आणि पकडला जातो. दोन्ही चौकांतील लोकांची सरासरी नाराजी जवळजवळ सारखीच, निष्पत्ती मात्र टोकाची वेगळी. सर्वंकष राजवटी शेवटच्या आठवड्यापर्यंत अभेद्य का वाटतात आणि त्यांचे कोसळणे सर्वांनाच चकित का करते, याचे उत्तर बहुतांशी इथे आहे. बर्लिनची भिंत पडल्यानंतर काही महिन्यांनी झालेल्या जनमत चाचणीत, अशा शांततापूर्ण क्रांतीची वर्षभरापूर्वी अपेक्षा होती काय, या प्रश्नाला केवळ ५ टक्के पूर्व जर्मनांनी होकार दिला. ७६ टक्के पूर्णपणे अचंबित झाले होते.

गणित असले तरी त्या दिवसाचे भय खोटे नव्हते. चीनमध्ये जूनमध्ये आंदोलन चिरडले गेले तेव्हा पूर्व जर्मन संसदेने त्या कारवाईला पाठिंबा दिला होता. ६ ऑक्टोबरला सत्ताधारी पक्षाच्या लाइपझिगमधील दैनिकात, गरज पडल्यास हाती शस्त्र घेऊन समाजवादाचे रक्षण करू, असे निमलष्करी तुकडीच्या प्रमुखाचे पत्र छापून आले. ९ तारखेला शहरात हजारो सशस्त्र पोलीस आणि सैनिक तैनात होते आणि रुग्णालयांना जखमींसाठी तयारी ठेवण्यास सांगण्यात आले होते. चर्चमधील जागा अडवण्यासाठी पक्षाने आपले शेकडो सदस्य दुपारीच आत बसवले होते. त्यांना मुकाट्याने प्रवचन ऐकावे लागले. गेवांडहाउस वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट माझूर यांच्यासह सहा जणांचे संयमाचे आवाहन ध्वनिवर्धकांवरून वाचले गेले, ‘हिंसा नको’ अशा घोषणा होत राहिल्या आणि समोर अपेक्षेपेक्षा अनेक पटींनी मोठा जमाव पाहून स्थानिक अधिकाऱ्यांनी गोळीबाराचा आदेश दिला नाही. नऊ दिवसांनी पक्षप्रमुख एरिक होनेकर पदावरून दूर झाले.

त्या रात्रीचे चित्रीकरण दोन कार्यकर्त्यांनी एका चर्चच्या मनोऱ्यावरून चोरून केले होते. ते पश्चिमेत पोचून दुसऱ्याच दिवशी दूरचित्रवाणीवर दिसले. त्यामुळे पाश्चात्त्य दूरचित्रवाणीने क्रांती घडवली, असे सर्रास म्हटले जाते. संशोधन या समजुतीला फारसा आधार देत नाही. ड्रेस्डेनच्या परिसरात हे प्रसारण पोचत नसे. होल्गर लुट्झ केर्न आणि येन्स हाइनम्युलर यांनी जुन्या सर्वेक्षणांची तुलना केली, तेव्हा प्रसारण दिसणाऱ्या भागांतील लोक राजवटीविषयी उलट अधिक समाधानी आढळले, कारण संध्याकाळची करमणूक त्यांना पश्चिमेकडून मिळत होती. निदर्शनांच्या प्रसारावरही या प्रसारणाचा परिणाम नंतरच्या अभ्यासाला दिसला नाही. १९९० मध्ये लाइपझिगच्या रहिवाशांची पाहणी करणाऱ्या कार्ल-डीटर ओप यांना मात्र असे दिसले की रस्त्यावर येण्याचा निर्णय ठरवण्यात संघटनांपेक्षा ओळखीपाळखीच्या, टीका करणाऱ्या मित्रांच्या वर्तुळांचा वाटा अधिक होता. श्टाझी नेमकी हीच वर्तुळे फोडू पाहत होती.

हा धडा आजच्या राजवटींनी नीट गिरवलेला दिसतो. गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स यांनी चीनमधील समाजमाध्यमांवरील मजकूर पुसला जाण्यापूर्वीच साठवून त्याचा अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारवरील तिखट टीका बरेचदा तशीच राहू दिली जात होती. पुसला जात होता तो लोकांना एकत्र येण्यास प्रवृत्त करू शकणारा मजकूर, मग तो सरकारच्या बाजूचा का असेना. एकट्यादुकट्याची टीका उपयोगीही पडते, कारण तिच्यातून कोणता स्थानिक अधिकारी लोकांना नकोसा झाला आहे हे वरच्यांना कळते. मील्के यांना जी माहिती मिळत नव्हती, ती मिळवण्याची ही सोय म्हणावी लागेल.

पाळतीचा परिणाम किती काळ टिकतो, याचे मोजमाप पूर्व जर्मनीतच शक्य झाले, कारण तेथील दफ्तरे १९९२ पासून नागरिकांना आणि संशोधकांना खुली झाली. कोणत्या तालुक्यात खबऱ्यांची घनता किती होती हे त्यांवरून कळते आणि जिल्ह्याच्या हद्दीच्या दोन बाजूंना, बाकी सर्व बाबतींत सारख्या असलेल्या गावांत, ती बरीच वेगळी असे. आंद्रेयास लिख्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच फरकाचा आधार घेतला. खबरे जिथे दाट होते, तिथे जर्मनीच्या एकीकरणानंतरही लोकांचा परस्परांवरील विश्वास कमी राहिला, सार्वजनिक कामांतील सहभाग घटला आणि उत्पन्नही मागे राहिले.