नक्षी बरोबर, फाइल चुकीची

भाद्रपद जवळ आला की सावंतवाडी-कुडाळकडच्या छोट्या सुतारशाळांत मखरांची घाई सुरू होते. हल्ली तिथे पटाशी-रंध्याच्या जोडीला टेबलावर मावणारी सीएनसी राउटर यंत्रंही दिसतात, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर लाकूड कोरणारी यंत्रं. पडद्यावर कमान, वेलबुट्टी सगळं बिनचूक असतं आणि यंत्र भलतंच कोरतं. मग बेल्ट ताणले जातात, मोटर बदलली जाते. माझं कळकळीचं सांगणं आहे: पान्याला हात लावण्याआधी यंत्राला दिलेली आज्ञांची फाइल उघडून वाचा. ती साध्या अक्षरांची आणि आकड्यांची असते, नोटपॅडमध्येही उघडते.

ही फाइल पोस्टप्रोसेसर लिहितो. टूल, म्हणजे कोरणारं पातं, कुठून कसं जाणार हे कॅम सॉफ्टवेअर (नक्षीवरून कापण्याचा मार्ग आखणारा प्रोग्रॅम) ठरवतं. तो मार्ग आपल्या कंट्रोलरला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मेंदूला, कळेल अशा जी-कोडमध्ये (यंत्राच्या आज्ञांच्या भाषेत) उतरवणं हे पोस्टप्रोसेसरचं काम. आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठाने १९५२ साली दाखवलं. पुढे कंट्रोलर बनवणाऱ्यांनी आपापले नियम जोडले. छोट्या यंत्रांत बहुधा जीआरबीएल हे मुक्त फर्मवेअर (कंट्रोलरच्या आत बसवलेला प्रोग्रॅम) असतं, आणि कॅममध्ये निवडलेला पोस्टप्रोसेसर मात्र मोठ्या कारखान्यातल्या यंत्रासाठीचा. गोंधळ इथे सुरू होतो.

माप पंचवीसपट लहान किंवा मोठं आलं तर जी२० की जी२१ एवढंच बघा. पहिला इंचाचा, दुसरा मिलिमीटरचा. ‘एरर २०’ आली तर कंट्रोलरला न कळणारी आज्ञा फाइलमध्ये आहे. जीआरबीएलमध्ये ती बहुतेकदा टूल बदलण्याची एम६ किंवा भोकं पाडण्याची जी८१ असते.

जी४ जरा फसवी आहे. ती यंत्राला थांबायला सांगते, म्हणजे स्पिंडलला (टूल गरगर फिरवणाऱ्या भागाला) वेग घ्यायला सवड मिळते. फॅनुक या कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीत ‘जी४ पी३०००’ म्हणजे ३००० मिलिसेकंद, अर्थात तीन सेकंद. जीआरबीएल तोच आकडा सेकंदांत मोजतं. यंत्र पन्नास मिनिटं जागेवर घुमत राहतं आणि आपल्याला वाटतं, संगणक अडकला.

सगळ्यात घातक जी२८. फाइलच्या सुरुवातीला ‘जी२८ जी९१ झेड०’ अशी ओळ असते. झेड म्हणजे टूलची वर-खाली दिशा. या ओळीचा हेतू टूल सुरक्षित उंचीवर नेण्याचा. मोठ्या यंत्राला लिमिट स्विच (टोकाला पोचल्याचं कळवणारी बटणं) असतात, त्यामुळे वरचं टोक ठाऊक असतं. स्विच नसलेलं छोटं यंत्र चालू करताना टूल जिथे असेल तीच जागा शून्य मानतं. चालू केल्यावर तुम्ही टूल वर उचललं, खाली फणसाची फळी ठेवली आणि फाइल सुरू केली, तर टूल ‘वर’ जाण्याऐवजी त्या जुन्या शून्याकडे भरधाव खाली येतं. स्पिंडल बहुधा अजून सुरूही झालेला नसतो. टूल मोडतं.

‘एरर ३३’ वेलबुट्टीत हमखास भेटते. कंस, म्हणजे वर्तुळाचा तुकडा, कापताना जीआरबीएल केंद्रापासून सुरुवातीचं आणि शेवटचं अंतर ताडून बघतं. फरक ०.००५ मिलिमीटरपेक्षा आणि शिवाय त्रिज्येच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त निघाला, तर तो कंस नाकारला जातो. इंचात तीनच दशांश लिहिणारा पोस्टप्रोसेसर प्रत्येक आकडा ०.०२५४ मिलिमीटरच्या टप्प्यांवर आणून ठेवतो, म्हणून बारीक वळणंच आधी अडकतात. दशांश वाढवा किंवा सरळ मिलिमीटरवर या.

एक अडचण खास देवनागरीची. काही पोस्टप्रोसेसर जॉबचं (कामाचं) नाव फाइलमध्ये ( ) अशा चिन्हांत, टीप म्हणून लिहितात. समजा, नाव आहे ‘गणपती’. संगणक अक्षरं आकड्यांच्या रूपात साठवतो; युटीएफ-८ या त्याच्या प्रचलित पद्धतीत ‘ग’ म्हणजे २२४, १६४, १५१ असे तीन बाइट. जीआरबीएलच्या १.१ आवृत्तीत १२७ च्या वरचे बाइट तत्काळ आज्ञांसाठी राखलेले आहेत, आणि ते टिपेच्या आत असले तरी पाळले जातात. १५१ म्हणजे हवेतून सरकण्याचा वेग पाव करा! ‘च’मधला १५४ स्पिंडलचा वेग १० टक्क्यांनी वाढवतो. फाइल यंत्राकडे पाठवणारा प्रोग्रॅम टिपा गाळत असेल तर काही होत नाही. जशाच्या तशा पाठवत असेल तर यंत्र विनाकारण रेंगाळतं आणि कारण सापडत नाही. फोल्डरला खुशाल मराठी नाव द्या, पण जी-कोडच्या आत रोमन अक्षरंच ठेवा.

दोष सापडला की फाइल हाताने दुरुस्त करून भागवू नका. पुढच्या मखराला तोच परत येईल. पोस्टप्रोसेसरही बहुधा मजकुराचीच फाइल असते. तिची प्रत काढून ठेवा, जी२८ काढून त्या जागी ठरावीक सुरक्षित उंची घाला, जी४चे आकडे सेकंदांत करा. मग झेडचं शून्य फळीच्या पृष्ठभागावर न धरता, पृष्ठभागापासून सर्वांत खोल कापाच्या खोलीपेक्षा बरंच जास्त वर धरून अख्खा जॉब एकदा हवेत चालवा. एक हात बंद करण्याच्या बटणावर असू द्या, आणि पहिल्या दहा-बारा ओळी चालताना नजर टूलवर ठेवा.